सहा माणसं, पाच दिवस आणि खिडकीतून दिसलेला गोलघुमट: पुणे-बदामी-हम्पी सहलीचं एक प्रकरण

नातेवाइकांच्या आणि ओळखीच्या घरांच्या सहली आखून देणं हा माझा जुना छंद. त्यातली ही एक दिवाळीनंतरची. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सहल फसली नाही. पण तिच्यात एक चूक अशी झाली, की ती नंतर दिसल्यावर मलाच हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

पार्श्वभूमी

पुण्यातलं सहा जणांचं घर. आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त इतिहास शिक्षक, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. आजी एकोणसत्तर. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. नातू चौदा वर्षांचा, नात आठ. रजा गुरुवार ते सोमवार, मंगळवारी दोघांनाही ऑफिस गाठायचं. घरात पाच आसनांची एक गाडी.

माझ्याकडे आले तेव्हा मुलाने आराखडा कागदावर उतरवून आणला होता. गुरुवारी पहाटे पुणे सोडायचं, सोलापूरवरून अक्कलकोटला स्वामींचं दर्शन, रात्री विजयपूर, म्हणजे आपलं जुनं विजापूर. शुक्रवारी गोलघुमट पाहून बदामी. शनिवारी पट्टदकल, ऐहोळे आणि संध्याकाळपर्यंत हम्पी. रविवारी हम्पी. सोमवारी हुबळी, बेळगाव करत कोल्हापूरला अंबाबाई आणि रात्री घरी. सगळं मिळून तेराशे किलोमीटरच्या आसपास.

अडचण

सहावं माणूस कुठे बसणार, हा पहिला प्रश्न मी विचारला. "छोटी मांडीवर," असं उत्तर आलं. आठ वर्षांची मुलगी तेराशे किलोमीटर मांडीवर! सून काही बोलली नाही, फक्त नवऱ्याकडे पाहिलं.

दुसरी अडचण कागदावर दिसत नव्हती. सोमवारच्या रकान्यात होसपेट, म्हणजे हम्पीजवळचं शहर, ते पुणे 590 किलोमीटर आणि पुढे "साडेदहा तास" असं लिहिलं होतं. हा नकाशाने दाखवलेला वेळ. नकाशाला गुडघे नसतात आणि लघवीही लागत नाही. वडीलधारी माणसं बरोबर असली की दर दीड-दोन तासांनी थांबावं लागतं, जेवणाला पाऊण तास जातो. महामार्ग चांगला असला तरी थांबे धरून मी ताशी 45 किलोमीटरच धरतो. त्या हिशेबाने सोमवार तेरा तासांचा झाला. कोल्हापुरातलं दर्शन त्यात नाही. शिवाय कागल ते सातारा टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामांमुळे ठिकठिकाणी वळणरस्ते, आणि दिवाळीची सुट्टी संपवून पुण्याकडे परतणारी सगळी गर्दी त्याच रस्त्यावर.

तिसरी अडचण समजायला चहाचे दोन कप लागले. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: या सहलीत एकच गोष्ट होणार असेल, तर ती कोणती?

आजोबांनी लगेच सांगितलं, ऐहोळेचा शिलालेख. मेगुती मंदिराच्या भिंतीवर इ.स. 634 सालची रविकीर्तीने रचलेली चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती आहे. तीन महाराष्ट्रक आणि त्यांतली 99 हजार गावं यांचा उल्लेख तिच्यात येतो, कालिदास आणि भारवी यांची नावंही येतात. आजोबांनी तो तीस-पस्तीस वर्षं वर्गात शिकवला, पण पाहिला कधीच नव्हता. नातवाला गोलघुमट हवा होता, एकदा केलेला आवाज पुन:पुन्हा कसा घुमतो ते ऐकायला. मुलाला हम्पी. नातीला "गोल होडी", कुणाच्या तरी मोबाईलवर तिने तुंगभद्रेतली टोपलीसारखी होडी पाहिली होती. सून म्हणाली, "मला एक सकाळ अशी हवी, की उठल्यावर बॅग भरायची नाही."

आजी गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचं काय ते ठरवा. मला बनशंकरीची ओटी भरायची आहे." बदामीपासून पाच किलोमीटरवर चोळचगुड्डला असलेली बनशंकरी ही त्यांच्या सासरची कुलदेवी. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची ती कुलदेवी आहे, पौषातल्या जत्रेला इकडून गाड्या भरून जातात. सून घरात आल्याला सोळा वर्षं झाली, तिची ओटी राहिलीच होती. मुलाच्या आराखड्यात बनशंकरीचं नाव नव्हतं. त्याने लपवलं नव्हतं, आईंनी मागितलं नव्हतं इतकंच.

म्हणजे सात ठिकाणांपैकी अक्कलकोट आणि कोल्हापूर कुणाच्याच यादीत पहिलं नव्हतं. "वाटेतच आहे" म्हणून ती दोन्ही आली होती. ती तिथल्या तिथे गळली. आजींनीच, "स्वामींना सोलापूरहून कधीही जाता येतं," म्हणत रेघ मारली.

समोरचे पर्याय

गाडी भाड्याने घेऊन पुण्याहूनच निघावं, हा सगळ्यात सरळ पर्याय. सात आसनी गाडी, चालक आपला. पण बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान 250 ते 300 किलोमीटर धरतात, गाडी हॉटेलसमोर उभी राहिली तरी. त्यांना 300 चा हिशेब आणि किलोमीटरला 17 रुपये दर मिळाला. पाच दिवसांचे 1500 किलोमीटर, म्हणजे 25,500, वर चालकाचा भत्ता, टोल आणि परराज्याचा कर. पैशांपेक्षा मला खटकले ते पहिले आणि शेवटचे दिवस. पाचातले दोन दिवस रस्त्यावरच जात होते.

दुसरा पर्याय रेल्वेचा. मुंबईहून रात्री सुटून पुणे, सोलापूर, विजयपूर, बागलकोट, बदामी, गदग करत होसपेटपर्यंत जाणारी एक्सप्रेस आहे. आमच्या कामाची जवळजवळ सगळी गावं तिने एका दोऱ्यात ओवली आहेत. रात्र बर्थवर जाते आणि सकाळी बदामी. पण पट्टदकल, ऐहोळेला रेल्वे नाही, आणि बदामी ते हम्पी रेल्वेने म्हणजे गदगचा वळसा. रस्त्याने ते अंतर 140 किलोमीटरच्या आसपास आहे.

वंदे भारतचाही विचार झाला. सप्टेंबर 2024 पासून पुणे-हुबळी मार्गावर आठवड्यातून तीन दिवस ती धावते. पण हुबळीहून ती पहाटे पाचला सुटते. त्यासाठी हुबळीत एक मुक्काम वाढला असता आणि आमचा परतीचा सोमवार तिच्या दिवसांत बसत नव्हता.

म्हणून मिश्रण ठरलं. जाताना रात्रीची रेल्वे थेट बदामी. तिथे दोन रात्री. बदामीत गाडी ठरवायची, तीच शनिवारी पट्टदकल-ऐहोळे दाखवून होसपेटला सोडेल. होसपेटला दोन रात्री, सोमवारी त्याच एक्सप्रेसने परत. पाच दिवसांत मुक्कामाची दोनच ठिकाणं, आणि सुनेची बॅग न भरण्याची सकाळ एक नाही, दोन.

गोलघुमट यातून गळला. नातवाला मी समजावलं, की विजयपूर स्वतंत्र सहलीचं गाव आहे, इब्राहिम रोजा आणि मलिक-ए-मैदान तोफही बघायची असते. तो "ठीक आहे" म्हणाला. चौदा वर्षांच्या मुलाचं "ठीक आहे" म्हणजे काय, ते घरात असं पोर असलेल्यांना सांगायला नको.

आरक्षण

ते आले तेव्हा प्रवासाला पंचेचाळीस दिवस उरले होते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही, त्यामुळे फार उशीर झाला नव्हता. पण दिवाळीनंतरचा आठवडा. जाण्याची सहा तिकिटं पक्की मिळाली. येण्याची सहाही वेटिंगवर.

इथे एक सापळा टळला. ही गाडी मुंबईहून बुधवारी रात्री सुटते आणि पुण्यात येते तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. तिकिटावर तारीख लागते ती गाडी तुमच्या स्टेशनात येते त्या दिवसाची, म्हणजे गुरुवारची. मुलगा बुधवारची तारीख टाकून बसला होता. पैसे भरायच्या आधी सुनेने स्क्रीन ओढून घेतली म्हणून बरं. नाहीतर सगळे बुधवारी रात्री स्टेशनवर आणि त्यांची गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली. वर्षाला एक तरी घर या चुकीत सापडलेलं मी पाहतो.

वेटिंगवर मी एकच अट घातली: वाट पाहायची ती रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत. सोमवारच्या गाड्यांचं वातानुकूलित डब्यांचं तत्काळ रविवारी दहाला उघडतं. तोवर आकडा हलला नाही तर दुसरा मार्ग धरायचा, आशेवर बसायचं नाही.

प्रत्यक्षात काय झालं

गुरुवारी सकाळी नातू खिडकीत होता. विजयपूर स्टेशन गोलघुमटाच्या अगदी जवळ आहे, घरांच्या वर तो राखाडी घुमट उठलेला दिसतो. गाडी थांबली, चहावाले चढले-उतरले, गाडी सुटली. पोराने फोटो काढला आणि घराच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. तो फोटो मीही पाहिला आणि "वा, छान" असं उत्तर दिलं. आता आठवलं की कान पकडावेसे वाटतात.

बदामी ठरल्याप्रमाणे झाली. शुक्रवारी पुरातत्त्व खात्याची वस्तुसंग्रहालयं बंद असतात. म्हणून दुपारी झोपा काढून गुरुवारीच चार वाजता तिथलं संग्रहालय, मग अगस्त्य तलावाच्या काठाने भूतनाथ. शुक्रवारची सकाळ देवीची. ओटी भरून झाल्यावर देवळाबाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मडक्यातलं दही घेऊन सगळे तिथेच पायरीवर जेवले. सहलीतलं सर्वांत चांगलं जेवण कोणतं, या प्रश्नावर नंतर सहाही जणांचं एकमत झालं. या घरात ही घटना दुर्मीळ.

उन्हं उतरल्यावर लेणी. आजोबा दुसऱ्या लेण्याच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, "मी आज इथेच. माझे गुडघे उद्यासाठी राखून ठेवलेत." तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके 500 चा, म्हणजे इ.स. 578 चा लेख आहे, तो त्यांनी नातवाला फोटो काढून आणायला सांगितला. त्यांचा हा निर्णय मला सबंध सहलीतला सर्वांत शहाणा वाटतो. मी आखताना दिवस वाटले होते, गुडघे वाटायला विसरलो होतो.

शनिवारी पट्टदकल लवकर आटोपलं, सपाट आवार आणि चालायला सोपं. ऐहोळेला मेगुतीची टेकडी चढायला आजोबांना अर्धा तास लागला, आणि वर ते भिंतीसमोर किती वेळ उभे राहिले ते कुणी मोजलं नाही. सून सांगत होती, "अप्पांनी दोन ओळी तोंडपाठ म्हटल्या आणि मग रुमाल काढला." खाली उतरेपर्यंत दीड वाजला. मी तिथे एक तास धरला होता, लागले अडीच. त्याची भरपाई इरकलला झाली. महामार्गावरच गाव, इरकली साड्यांचं माहेर, आणि सुनेच्या वाट्याला वीस मिनिटं. एक साडी घेतली, दोन ठेवून आली. त्या दोन साड्यांचा उल्लेख अजून निघतो. होसपेटला पोहोचायला साडेसात झाले.

रविवारी सकाळी नऊ

रविवारी सकाळी मला फोन आला. वेटिंग अकरा ते सोळा. सहा बर्थ हवेत आणि पुढे दहा जण उभे. मुलगा म्हणाला, "चार्ट लागायच्या आधी बरीच तिकिटं रद्द होतात म्हणतात." म्हणतात खरं, पण सुट्टीच्या शेवटच्या दिवशी परतीची तिकिटं कोण रद्द करणार?

दोन वाटा होत्या. त्याच गाडीचं तत्काळ काढायचं. किंवा सोमवारी होसपेटहून गाडीने विजयपूरवरून सोलापूर गाठायचं, तीनशेच्या आसपास किलोमीटर, आणि सोलापूरहून रात्रीची रेल्वे. दुसरी वाट महाग होती. गाडीवाला रिकामा परतणार, त्याचं भाडं आपल्यावर. पण सोलापूरहून तिकीट नाही मिळालं तरी पुण्याला एसटी आहेत, होसपेटला अडकलो तर पर्याय कमी. आणि वाटेत विजयपूर येत होतं. मुलाने फोन स्पीकरवर टाकला होता बहुतेक, कारण मागून नातवाचा आवाज आला, "बाबा, सोलापूर."

तत्काळच्या एका तिकिटावर जास्तीत जास्त चार प्रवासी. सहा माणसांना दोन तिकिटं काढावी लागतात, म्हणजे दुसऱ्याच्या वेळेपर्यंत जागा संपण्याची शक्यता धरावी लागते. आधारशी जोडलेलं खातं आणि त्यावर येणारा ओटीपी आता सक्तीचा. हे सगळं मी सांगितलं तेव्हा मंडळी बॅटरीच्या गाडीतून विठ्ठल मंदिराकडे निघाली होती. नात पन्नासची नोट हातात धरून दगडी रथ "तोच का" हे ताडून पाहत होती, आणि तिचा बाप एका धोंड्यावर उभा राहून मोबाईलच्या दोन काड्या जपत होता. दहा वाजून तीन मिनिटांनी सोलापूरहूनची पहिली चार तिकिटं पक्की झाली. दुसरी दोन वेटिंगवर गेली.

चार बर्थ कुणाला, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. आजी-आजोबा, सून आणि नात रेल्वेने. बाप-लेक एसटीने.

सोमवार

निघायचं आठला ठरलं होतं, निघाले दहा चाळीसला. कारण गोल होडी. रविवारी तत्काळच्या गडबडीत ती राहिली, आणि सगळ्यांच्या गोष्टी होऊन आठ वर्षांच्या मुलीचीच कशी राहते, असं आजी म्हणाल्यावर वाद संपला. विजयपूरला पोहोचायला चार वाजले. आजी-आजोबा बागेत बाकावर बसले, बाकीचे कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने वर गेले. महंमद आदिलशहाची ही कबर 1656 साली उभी राहिली, घुमटाचा बाहेरचा व्यास 44 मीटर. वरच्या सज्जात सुट्टीची एवढी गर्दी, की प्रत्येक जण ओरडत होता. कुजबुज पलीकडे ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. नातवाने भिंतीला कान लावून पाहिला, शेवटी तोही ओरडला.

सोलापूर पावणेआठ. जेवून बाप-लेक एसटीत बसले आणि दोनच्या सुमाराला स्वारगेटला उतरले. रेल्वेवाले अडीचला पुणे स्टेशनवर. बाप-लेकच रिक्षा घेऊन त्यांना आणायला गेले. मंगळवारी मुलगा ऑफिसला गेला, सुनेने अर्धी रजा टाकली. खर्च शेवटी पुण्याहून गाडी केली असती त्याच्या आसपासच गेला, सोमवारच्या भाड्याने वाचलेलं सगळं खाल्लं.

काय वेगळं करता आलं असतं

आठवड्याने त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा वेळापत्रक काढून बसलो होतो. नातू मागून आला आणि विचारलं, "काका, आपली गाडी गुरुवारी सकाळी विजापूरला थांबलीच होती ना? मग आपण उतरलो का नाही?"

उत्तर नव्हतं. तिकीट विजयपूरपर्यंत काढायचं, सकाळच्या शांततेत गोलघुमट पाहायचा, जेवून गाडीने बदामी. 120 किलोमीटर, अडीच-तीन तासांत संध्याकाळपर्यंत पोहोचणं. गुरुवारी दुपारी बदामीत सगळ्यांनी झोपाच काढल्या होत्या. संग्रहालय बुडालं असतं, ते चाललं असतं. मी "विजयपूर म्हणजे एक जादा मुक्काम" असं डोक्यात धरलं आणि मग त्याच गाडीचा थांबा मला दिसेनासा झाला. मुक्काम कमी करायच्या नादात मी थांबासुद्धा कमी केला.

बाकीच्या गोष्टी लहान. परतीचं तिकीट आधी काढायला हवं होतं, जाण्याचं नंतर. सुट्टीच्या सुरुवातीला लोक वेगवेगळ्या दिवशी निघतात, परततात मात्र एकाच दिवशी. मंगळवारची रजा मागायला हवी होती, ही सुनेची सूचना, आणि तिच्या मते यादीत तीच पहिली. मेगुतीला अडीच तास धरायला हवे होते, पण ते आधी कसं कळणार होतं ते मला अजून माहीत नाही. एका शिक्षकाला तीस वर्षं शिकवलेल्या भिंतीसमोर किती वेळ लागतो, याचा तक्ता कुठे मिळत नाही.

आजींची बनशंकरी पौषात पुन्हा ठरते आहे, या वेळी जत्रेला, आणि बरोबर सुनेची आई. नातू म्हणतो तिकीट तो काढणार. उतरायचं स्टेशन त्याने विजयपूर भरलं आहे. इरकलसाठी अर्धा दिवस सुनेने आधीच लिहून घेतला.